हेस्टिया, आर्टेमिस आणि ओव्हनमधलं दही

मावशीच्या ओव्हनच्या दांड्याला निळ्या चौकड्यांचा रुमाल बांधलेला असला की आत दही लागत असायचं. रुमाल नसला की ओव्हन रिकामा. त्या घरात हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की मला कुणी वेगळं सांगितलंच नाही.

अमेरिकेतल्या या श्रूजबरीत जानेवारीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर दही लागत नाही, दूध तसंच गार बसून राहतं. म्हणून भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन सुरू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा. त्या दिव्याची ऊब दह्याला पुरते. सकाळी आठला ठेवलं तर संध्याकाळपर्यंत चांगलं घट्ट.

मी ऑगस्टमध्ये एमएस करायला इकडे आले. मावशी माझी सख्खी मावशी नाही, आईची नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण. "दोन आठवडे राहा, तोवर अपार्टमेंट बघ," असं ठरलं होतं. अपार्टमेंट बघायचं मी लांबवत गेले, आणि मावशीनंही विषय काढला नाही. माझी खोली बेसमेंटमध्ये होती. तिची एकुलती खिडकी जमिनीलगत होती आणि थंडीत तिच्यातून फक्त बर्फ दिसायचा. मी जेवले की माझं ताट लगेच धुवायचे, जिना पाय न वाजवता चढायचे, ड्रायरमधून निघालेले सगळ्यांचे कपडे घडी करून ठेवायचे. मला चांगली पाहुणी व्हायचं होतं. त्यात चूक काय असते, ते तेव्हा कळत नव्हतं.

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात मावशी विमानानं अल्फारेटाला गेली, नणंदेच्या बाळंतपणाला. "सासूबाई नाहीत, तर मीच जायला हवं," म्हणाली. परत येणार पुढच्या रविवारी, आणि त्यानंतरच्या शनिवारी घरी हळदीकुंकू. जाताना तिनं मला झाडांचं सांगितलं, ड्राइव्ह-वेवर मीठ टाकायचं सांगितलं, मुलीच्या प्रोजेक्टकडे लक्ष दे म्हणाली. दाराशी बूट घालताना दह्याचं आठवलं.

"नवीन लागेपर्यंत जुनं संपवायचं नाही. चमचाभर बाजूला ठेवायचंच. एवढं एकच लक्षात ठेव."

"तुम्ही थोडं तिकडे नेत नाही का?"

"नणंदेकडे? तीनदा दिलंय. तिन्ही वेळा मारलं तिनं. आधी पोर सांभाळू दे तिला."

हे विरजण मावशीच्या सासूबाईंचं. मावशीच्या मुलीच्या जन्माच्या वेळी, बारा वर्षांपूर्वी, त्या पहिल्यांदा अमेरिकेत आल्या. नागपूरहून निघताना त्यांनी मऊ सुती फडकं घरच्या दह्यात भिजवलं, सावलीत वाळवलं आणि साड्यांच्या घडीत ठेवून आणलं. इथे आल्यावर ते कोमट दुधात बुडवलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, तिसऱ्या दिवशी लागलं. तेव्हापासून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ते चालू होतं. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. दही राहिलं होतं.

मावशीची मुलगी सहावीत. तिच्या शाळेत त्या शुक्रवारी 'वॅक्स म्युझियम' होतं. म्हणजे मुलांनी देवादिकांसारखे कपडे करून मेणाच्या पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचं. समोरच्या टेबलावर कागदाचं बटण. बघायला आलेल्यानं बटण दाबलं की पुतळा बोलतो. या वर्षी ग्रीस होतं आणि जोड्या होत्या: एकमेकींपेक्षा अगदी वेगळ्या दोन देवी, दोघींनी तुलना करून बोलायचं. चिठ्ठ्या टाकल्या. तिच्या मैत्रिणीला आर्टेमिस मिळाली, हिला हेस्टिया.

"तिला बो अँड अ‍ॅरो मिळालाय, ताई. हरीण मिळालंय. मला काय? चूल." तिनं दप्तर खुर्चीवर टाकलं. "शी हॅज नो स्टोरी. शी जस्ट सिट्स."

मला हसू आलं. मी हेस्टियाला फार आधीपासून ओळखत होते. आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत ग्रीक गोष्टींचं एक जाड चित्रांचं पुस्तक होतं आणि मधल्या सुटीत कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मी ते वाचायचे. महालक्ष्म्यांमधली ज्येष्ठा कुठल्या बाजूला बसवतात हे मला अजून नीट माहीत नाही, पण ऑलिम्पसवर कोण कुणाची बहीण हे आठवीपासून पाठ आहे. त्या पुस्तकात अ‍ॅफ्रोडाइटीला सहा पानं होती, अथीनाला आठ. हेस्टियाला अर्धं पान, आणि चित्र नाही. तेवढं अर्धं पान मी पुन्हापुन्हा वाचायचे.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिनं वहीच्या मधोमध रेघ मारली. आर्टेमिसची बाजू भराभर भरली. तीन वर्षांची असताना ती बापाच्या मांडीवर बसली आणि एकामागून एक मागत सुटली. मला लग्न नको, मला धनुष्यबाण दे, गुडघ्यापर्यंतचा झगा दे म्हणजे पळता येईल, साठ मैत्रिणी दे, सगळे डोंगर दे. शहर कुठलंही चालेल, कारण शहरात मी फारशी येणारच नाही, कुणी बाळंतीण कळा देताना हाक मारेल तेव्हाच येईन.

"म्हणजे आई आत्ता आर्टेमिस मोडमध्ये आहे," मुलगी म्हणाली.

"लिही ते."

"नको. आई वाचेल."

लहान ग्रीक मुली आर्टेमिसच्या देवळात अस्वलं होऊन नाचायच्या, लग्न ठरलं की आपली खेळणी तिला वाहून टाकायच्या, हेही तिनं लिहिलं. मग रेघेच्या दुसऱ्या बाजूकडे बघत बसली.

मी जे आठवत होतं ते सांगत गेले. हेस्टिया सगळ्या भावंडांत थोरली. बापानं जन्मतःच मुलांना गिळायला सुरुवात केली तेव्हा हिला पहिली गिळली. पुढे त्याला सगळी ओकायला लागली तेव्हा ही शेवटी बाहेर आली. म्हणून ती सगळ्यांत मोठीही आणि सगळ्यांत धाकटीही.

"ग्रोस," ती म्हणाली, पण लिहून घेतलं.

"म्हणून मेजवानीत पहिला घोट तिच्या नावानं ओतायचे आणि शेवटचाही. पोसायडन आणि अपोलो, दोन मोठ्या देवांनी तिला मागणी घातली. ती दोघांना नाही म्हणाली."

"मग?"

"देवांच्या राजाच्या, झ्यूसच्या, डोक्याला हात लावून शपथ घेतली की मी कधीच लग्न करणार नाही. त्यानं बदल्यात तिला घराच्या मधोमध जागा दिली. प्रत्येक घरात जिथे चूल तिथे ती. मोठी देवळं नाहीत, पुतळेही जवळजवळ नाहीत. शहराची मिळून एक चूल असायची, तिथेही तीच. लोक नवीन गाव वसवायला समुद्रापार निघाले की त्या चुलीतला विस्तव बरोबर न्यायचे."

"कॅन्डलसारखा? बोटीतून?"

"भांड्यात निखारे घेऊन असेल. आणि लढाईत विस्तव बाटला, विझवावा लागला, तर नवा पेटवत नसत. दुसरीकडून, जिथे तो शुद्ध राहिलाय तिथून, मागून आणत."

तिनं पेन्सिल थांबवली. "वेट. ती घराची देवी, आणि तिचं लग्नच झालेलं नाही?"

"नाही."

"मग आई तिला हळदीकुंकवाला बोलावेल की नाही?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे त्या काकूंसारखं." कोण काकू विचारल्यावर तिनं सांगितलं: तळ्याच्या बाजूला एक काकू राहतात. आधी दर शनिवारी घरी यायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांचा डिव्होर्स झाला. आजी गेली त्याच्या पुढच्या जानेवारीत आईनं त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तेव्हापासून त्या आल्या नाहीत.

"भांडण झालं?"

"नो. दॅट्स द प्रॉब्लेम. कुणी काही बोललंच नाही."

गुरुवारी सकाळी मी दही लावलं. जुनं दही वाटीभरच उरलं होतं. चमचाभर दुधात घातलं, राहिलेलं माझ्या डब्यातल्या भातात कालवून नेलं. मावशीचं वाक्य मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. संध्याकाळी तर नवीन लागणारच आहे, असं वाटलं. त्याच सकाळी कपडे मशीनला लावताना मी ओव्हनचा निळा रुमालही सोडून घेतला. हळदीचे डाग पडले होते. मावशी येण्याआधी स्वच्छ दिसावा म्हणून.

दुपारी चारला मुलगी शाळेतून आली. तिला आपल्या चुलीसमोर मधाच्या छोट्या वड्या ठेवायच्या होत्या, नैवेद्य म्हणून. बटण दाबेल त्याला एक. मी ओव्हनकडे पाठ करून कणकेत मध कालवत होते, दही डोक्यातून पार गेलं होतं. तिनं ओव्हनकडे बघितलं, दांडा मोकळा होता. साडेतीनशेवर लावून ती कपडे करायला वर गेली.

वास मला आधी आला. आटवलेल्या दुधाचा, गोड, जरा करपलेला. मी म्हटलं मधाचा असेल. मग एकदम कळलं.

भांडं बाहेर काढलं तेव्हा त्यात पिवळट पाण्यात तरंगणारा एक रबरासारखा गोळा होता. मुलगी पांढरी चादर गुंडाळून जिन्यात उभी होती. तिनं आधी भांड्याकडे बघितलं, मग दांड्याकडे.

"रुमाल नव्हता," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "ताई, आय स्वेअर, रुमाल नव्हता."

"मी धुवायला टाकला."

"फ्रीजमध्ये आहे ना थोडं?"

"मी खाल्लं."

आम्ही दोघी ओव्हनसमोर जमिनीवर बसलो. आजीच्या हातचं तिला काही आठवतं का, असं मी कधी विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, आजी तिला ओट्यावर बसवून दह्यावरची साय भरवायची. बस, तेवढंच आठवतं.

सहाला काका, मावशीचे यजमान, ऑफिसातून आले. हातातली बॅगही न ठेवता म्हणाले, "अगं, दह्याचं काय एवढं? ग्रीक योगर्ट घेऊन येतो. प्रोटीन पण जास्त."

"ग्रीक, बाबा? सीरियसली?"

"का? काय झालं?"

तिला रडता रडता हसू आलं. काकांनी भांड्यात डोकावलं, त्या गोळ्याचा तुकडा चिमटीत घेऊन तोंडात टाकला. "आईचं होतं नाही का हे," म्हणाले, आणि बूट काढायला गेले. बुटांशी त्यांना बराच वेळ लागला. परत आले तेव्हा मला म्हणाले, "रविवारी येतेय ती. मी काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस. विकतचं लावून ठेव, तिला पत्ता लागणार नाही."

मला ते पटलं होतं, हे लिहायला हवं. न बोलणं मला नेहमीच पटतं.

पण मुलगी एकदम उठली. "कॉलनीज!"

"काय?"

"ताई, कॉलनीज! हेस्टियाच्या विस्तवासारखं! आईनं हे अर्ध्या श्रूजबरीला दिलंय. आपण दुसऱ्या सिटीतून परत आणायचं."

तिनं तिथेच आईच्या मैत्रिणींना फोन लावले, स्पीकरवर. मला फोनवर बोलणं जमत नाही, त्यामुळे मी शेजारी बसून मान हलवत होते. पहिल्या काकू म्हणाल्या, "उन्हाळ्यात इंडियाला गेलो ना सगळे, तेव्हा गेलं गं ते." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडे आता सगळं ओट मिल्क. तुझे काका लॅक्टोज इनटॉलरंट निघाले, वयाच्या पन्नाशीत!" तिसऱ्या जरा घुटमळल्या. "दही आहे, पण मध्ये एकदा संपलं तेव्हा दुकानातलं मिसळलं. तुझ्या आईला बोलू नको हं. ती पाहुण्यांसमोर माझ्या दह्याचं कौतुक करते."

फोन ठेवून मुलगी म्हणाली, "आणखी एक घर आहे."

तिला म्हणायचं होतं ते मला कळलं. "त्यांना फोन कर."

"नाही. फोन नाही उचलणार. यू हॅव टू गो."

शुक्रवारी सकाळी काका ऑफिसला गेले, मुलगी चादर आणि मधाच्या वड्या घेऊन शाळेत. माझा क्लास दुपारी होता. किल्ली खुंटीला होती. नोव्हेंबरमध्ये मला लायसन्स मिळालं होतं, पण मावशी शेजारी नसताना मी कधी गाडी ड्राइव्ह केली नव्हती. मी चालत निघाले. अडीच मैल. बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नव्हता आणि जिथे होता तिथे रस्त्यावरचा बर्फ आणून ढीग घातलेला. दोन गाड्या थांबल्या, आर यू ओके, असं विचारून गेल्या. जानेवारीत श्रूजबरीत कुणी पायी दिसलं तर लोकांना काळजी वाटते. वाटेत मी एक वाक्य घोकत होते. आधी इंग्रजीत केलं, मग मराठीत. मराठीत ते जास्त अवघड वाटलं.

घर बुटकं, एकमजली. बेल दाबायच्या आधीच आतून कुत्रा भुंकला. दार उघडलं त्या बाईंचे केस अगदी बारीक कापलेले, करडे. पायात डोंगर चढायचे बूट, अंगात लाल जॅकेट. बहुतेक निघायच्याच तयारीत होत्या. तपकिरी कुत्री त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी. मला आर्टेमिस आठवली, आणि घोकलेलं वाक्य विसरले.

"मी दह्यासाठी आलेय," मी म्हणाले.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "चालत?"

"हो."

"तू तिच्याकडची. बेसमेंटमधली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"श्रूजबरी आहे ही. तुझा जीपीए पण सांगेन. आत ये, बूट काढ. ही चावत नाही, फक्त चाटते."

मी आत गेले आणि सगळं सांगितलं. रुमाल, ओव्हन, खाल्लेला भात. त्यांना काय हाक मारावी कळेना, म्हणून मी नुसतंच 'तुम्ही, तुम्ही' करत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. "काकू म्हण. नवरा सोडला, पद सोडलं नाही मी."

काकूंचं दही दिवाणखान्यात इंटरनेटच्या राउटरवर होतं. स्टीलचा डबा आणि त्याला घातलेली लोकरीची टोपी. "चोवीस तास गरम असतो तो. ओव्हन लावायचीच गरज नाही." त्यांनी झाकण काढलं. दही घट्ट होतं, वर पिवळी साय. मी वास घेतला. मावशीच्या घरातला वास.

"मी या घरात राहायला आले, त्या आठवड्यात तिच्या सासूबाई आल्या," त्या म्हणाल्या. "एवढ्या म्हाताऱ्या बाई. बर्फातून, मुलाला गाडीत बसवून ठेवून. हा डबा घेऊन. त्यांचाच डबा."

डब्याच्या अंगावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, जुन्या पद्धतीनं. मी ते अक्षर अक्षर लावत वाचलं.

"त्या स्वतः विधवा, पण मला कुंकू लावून गेल्या. आणि दोन वर्षांनी हिनं यादीतून माझं नाव काढलं. फोटो बघितले मी सगळ्यांचे. काळ्या साड्या, वाण, सगळं." त्या कुत्रीचं डोकं खाजवत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "भांडली असती तर मी भांडले असते गं. पण ती काही बोललीच नाही. तिला वाटलं असेल, मला अवघड वाटेल. मग मीही नाही बोलले."

"मग हे तुम्ही का चालू ठेवलंत?" हे मी विचारलं. मी सहसा कुणाला काही विचारत नाही.

"दह्यानं काय केलंय?"

मी बरोबर काचेची छोटी बरणी आणली होती. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि जरा विचार करून बाजूला ठेवली. थोडं दही स्वतःसाठी वाटीत काढलं आणि झाकण लावून तो डबाच मला दिला. "हा ने. परत द्यायचा राहिलाय केव्हाचा. तिला सांगणार आहेस?"

मी डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. त्यांनी आग्रह केला नाही.

परत चालत जाऊ दिलं नाही मात्र. गाडीत कुत्री मागे, डबा माझ्या जॅकेटच्या आत. अजून कोमट होता. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, निळ्या पोस्टाच्या पेटीपाशी, त्यांनी गाडी थांबवली. इथून घर चार घरांवर.

"उतर इथेच. पुढे नाही येत मी."

मी घरी जाऊन दूध गरम केलं, करंगळी बुडवून बघितली आणि दही लावलं. दोन भांडी. धुतलेला रुमाल ओव्हनच्या दांड्याला बांधला, दोन गाठी मारल्या. संध्याकाळी मुलगी आली ती आधी ओव्हनशी गेली. लागलं होतं.

"लोकांना हेस्टिया बोअर झाली का?" मी विचारलं.

"बटण कमी वेळा दाबलं. पण वड्या सगळ्या संपल्या."

काका म्हणाले, "झालं तर मग, विषय संपला." खरंच संपवता आला असता. दही तेच होतं, आजीचंच. डबा मी बेसमेंटमध्ये नेऊन टेबलाच्या खणात ठेवला असता तर मावशीला कधीच काही कळलं नसतं. शनिवारचा सगळा दिवस तो खणात होताही. मी अभ्यासाला बसायचे आणि खण उघडून बघायचे.

मला लहानपणापासून हेस्टिया आवडायची ती गप्प असते म्हणून. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, तरी तिच्यावाचून घर नाही. पण मुलीला मी स्वतःच सांगितलेलं आता आठवत होतं. त्या अर्ध्या पानात ती एकदा बोलते. दोन मोठे देव मागणी घालून उभे असतात, सगळे ऐकत असतात, आणि ती सर्वांत मोठ्या देवाच्या डोक्याला हात लावून आपलं काय ते स्पष्ट सांगते. मधली जागा तिला त्यानंतर मिळते. इतकी वर्षं वाचून मी ती ओळ सोडून देत होते.

रविवारी दुपारी मावशी आली. थकलेली, अंगाला बाळाच्या तेलाचा वास. कोट न काढताच मुलीचे पापे घेतले, झाडांवरून नजर फिरवली, ओव्हनच्या रुमालाकडे बघितलं. "अगंबाई, केवढा पांढरा झाला!"

मी डबा ओट्यावर ठेवला.

तिनं तो लगेच ओळखला. बोट नावावरून फिरवलं. काका वर्तमानपत्रामागे गेले. मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुमचं दही माझ्याकडून मेलं," मी म्हणाले. "जुनं मी संपवलं होतं. रुमाल धुतला म्हणून कुणाला कळलं नाही आत दही आहे ते. मग मी त्या काकूंकडे जाऊन आणलं. त्यांनी डबा परत दिलाय." एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. "त्यांनी सांगितलं की आजी त्यांच्याकडे गेल्या होत्या. आणि फोटोंचंही सांगितलं."

मावशीनं डबा उचलून जवळ घेतला. मला वाटलं, आता अपार्टमेंटचा विषय निघेल.

"चालत गेलीस?"

"हो."

"बर्फात. गाडी असून." तिनं डोळे पुसले, कोटाच्या बाहीनंच. "सासूबाई गेल्या होत्या तिच्याकडे, मला माहीत आहे. मला म्हणाल्या, चल. मी गेले नाही. लोक काय म्हणतील, तिला काय वाटेल... आणि मग उशीर झाला. मग आणखी उशीर झाला." ती खुर्चीत बसली. "आणि तिनं ते इतकी वर्षं जिवंत ठेवलं?"

"राउटरवर," मुलगी म्हणाली. "टोपी घालून."

मावशी हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

मग उठून तिनं फडताळातून तिळगुळाच्या लाडवांचा मोठा डबा काढला. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तर इंग्लिश मीडियमवाल्यांनाही माहीत असतं. सासूबाईंचा डबा तिनं काठापर्यंत भरला, वर एक हळदीकुंकवाची पुडी ठेवली, झाकण दाबून लावलं. कोट अंगात होताच.

"चल," मला म्हणाली, आणि खुंटीवरची किल्ली माझ्या हातात दिली. "माझे हात भरलेत."

मी वीस मैलांच्या वेगानं गाडी नेली. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "इग्नोर हिम, ताई." पोस्टाच्या पेटीपाशी मी नकळत हळू केलं, मग पुढे घेतली.

त्या घरासमोर मावशी एकटी उतरली. आम्ही दोघी काचेतून बघत राहिलो. ती पायरीवर उभी, सलवारीवर जाडे बूट, दोन्ही हातांत डबा, त्यामुळे बेल दाबता येईना. तिनं कोपरानं दाबायचा प्रयत्न केला. तोवर आतून भुंकणं ऐकू आलं आणि दार उघडलं.

काय बोलल्या ते कळलं नाही, काचा बंद होत्या. बोलल्या, एवढं दिसलं. आधी मावशी बोलली, बराच वेळ. मग काकू बोलल्या, हात हलवून, चांगल्याच जोरात असाव्यात. मावशी मान खाली घालून ऐकत होती. कुत्री दोघींच्या मधून बाहेर येऊन डबा हुंगून गेली. मग काकूंनी डबा घेतला, झाकण उघडलं आणि आत बघत उभ्या राहिल्या. पुडी उचलून मावशीच्या हातात दिली आणि कपाळ पुढे केलं.

मुलीनं माझा खांदा धरला होता. "आपण थांबायचं ना इथेच?"

"हो," मी म्हणाले.

दार लागलं. दहाएक मिनिटं गेली. मी गाडी बंद केली नव्हती, हीटर चालू होता. मग दार पुन्हा उघडलं आणि मावशी नुसत्या मोज्यांवर पायरीवर येऊन, स्वतःचंच घर असल्यासारखी, आमच्याकडे बघून ओरडली.

"अगं, गाडीत काय बसलात दोघी? चहा टाकलाय. या की!"

मी किल्ली फिरवली आणि उतरले.